दुनळीवरचं कुंकू

आमच्या भाडेकरारात सतरा कलमं होती आणि माझ्या नवऱ्याने ती सगळी वाचून घेतली होती, हे आधीच सांगून टाकते. कारण नंतर जो तो मला हेच विचारत होता, 'सही करण्याआधी वाचलं नव्हतं का?' वाचलं होतं. सुयश बँकेत कम्प्लायन्सला होता. लोक नियम पाळतात की नाही हे बघण्याचा त्याला पगार मिळायचा, आणि घरी तो तेच काम फुकटात करायचा. मिक्सरबरोबर येणारी माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचणारा माझ्या पाहण्यातला तो एकमेव माणूस.

करार अरबीत होता. कुवेतमधल्या, रुमैथियातल्या त्या घराचा वरचा मजला आम्हाला अशरफभाईंनी मिळवून दिला होता. अशरफभाई मूळचे दाभोळचे, चोवीस वर्षं त्या घरमालकाकडे नोकरीला. भाडं गोळा करणं, प्लंबर आणणं, सरकारी कचेऱ्यांतून कागद फिरवणं, सगळं तेच बघत. सुयशने त्यांना समोर बसवून एकेक कलम मराठीत सांगायला लावलं. अशरफभाई वैतागले होते, पण त्यांनी सांगितलं.

"अकरावा," ते म्हणाले. "भाडेकरूनं जागेत हत्यार, गोळ्या, फटाके, कायपण पेटणारा ठेवायचा नाय. सापडला तर करार रद्द, आन जबाबदारी सगळी तुमची."

"आमच्याकडे हत्यार म्हणजे हिची विळी," सुयश म्हणाला.

आम्ही तिघंही हसलो. आमची क्षितिजा तेव्हा आठवीत होती. ती कोपऱ्यात फोन घेऊन बसली होती, तिने मानही वर केली नाही.

खालच्या मजल्यावर घरमालक राहत. अबू बदर, म्हणजे बदरचे वडील. त्यांना सगळे याच नावाने ओळखत. वय ऐंशीच्या पुढे. त्यांचे वडील मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईला येऊन-जाऊन असायचे आणि लहानपणची तीन-चार वर्षं अबू बदरांनी महंमद अली रोडवर काढली होती. त्यामुळे त्यांचं हिंदी ऐकलं की वाटायचं, पंचा गुंडाळलेला एखादा भेंडीबाजारचा शेठ बोलतोय. पहिल्याच दिवशी त्यांनी सुयशला सांगितलं, "हम तुम्हारा बंबई देखा, तब तुम्हारा बाप भी पैदा नहीं था." सुयश तिथेच विरघळला. मग आठवड्यातून दोनदा तरी तो संध्याकाळी त्यांच्या दिवाणियात जाऊन बसायला लागला. दिवाणिया म्हणजे पुरुषांची बैठकीची खोली. तिथे चहा चालायचा, जुन्या मुंबईच्या गप्पा चालायच्या. एकदा वर येऊन मोठ्या कौतुकाने म्हणाला, "म्हातारा मला चौथा मुलगा म्हणतो."

घरमालक भाडेकरूला मुलगा म्हणायला लागला की मला धडकी भरते. मी तसं बोललेही. तो म्हणाला, तुझं मन लहान आहे. असेल.

दोन वर्षांपूर्वी अबू बदरांची बायको गेली. त्यांना एकटं ठेवायला नको म्हणून थोरला मुलगा बदर बायको आणि तीन लहान मुलांना घेऊन खाली राहायला आला. त्यानंतर आठवड्याभरात अशरफभाई दोन हमालांसह एक उंच सागवानी कपाट घेऊन आमच्या दारात उभे.

"बाबांचा कपाट हाय. तुमच्या ष्टोअरमंदी ठेवायचा हाय."

ठेवलं. घर त्यांचं, कपाट त्यांचं, आमच्या स्टोअररूममध्ये दोन रिकाम्या बॅगा आणि गणपतीचं मखर सोडून काही नव्हतं. संध्याकाळी सुयश खाली जाऊन आला तो किल्ली घेऊनच. त्याने कपाट उघडलं. आत दुनळी बंदूक होती. जुनी, काळपट दस्त्याची, पितळी नक्षीची. शेजारच्या खणात तेलाची बाटली आणि फडकं.

"ही इथे कशी चालेल?" मी विचारलं.

"खाली आता लहान मुलं आहेत. बदर म्हणतो, पोलिसांत जमा करून टाका. पण ती बाबांच्या वडिलांची आहे. स्वतःच्या हाताने कशी देतील ते?"

"तिचा परवाना?"

"मी विचारलं ना. ते हसले. म्हणाले, ये बंदूक उस ऑफिस से बूढी है."

"आणि कलम अकरा?"

यावर माझ्या नवऱ्याने, वीस वर्षं लोकांचे नियम तपासणाऱ्या माणसाने, मला शांतपणे समजावलं, "ते भाडेकरूच्या हत्याराबद्दल आहे. हे मालकाचं आहे. फक्त जागा आपली." मी कपाळाला हात लावला. तोही मनातून धास्तावलेला होताच, नाही असं नाही. कारण त्या रात्रीच त्याने लॅपटॉपवर एक पानभर मजकूर तयार केला: स्टोअररूम भाड्याच्या जागेत धरू नये, तिच्यातल्या सर्व वस्तू घरमालकाच्या मालकीच्या, खाली दोघांच्या सह्यांना जागा. छापून तो कागद त्याच्या बॅगेत आठ-दहा दिवस होता. रोज खाली जाताना नेत होता आणि रोज तसाच परत आणत होता.

"काढू कसा? नुकतीच बायको गेलीये त्यांची. मला मुलगा म्हणतात आणि मी कागद पुढे करू? काय वाटेल त्यांना?"

भीड. आपल्या लोकांच्या अंगात दुसरं काही असो-नसो, ही भीड मात्र ठासून भरलेली असते. बँकेत कोट्यधीशांना 'हा कागद अपुरा आहे, परत या' असं तोंडावर सांगणारा माणूस एका म्हाताऱ्यापुढे एक पान धरू शकला नाही. मीही शेवटी म्हटलं, जाऊ दे. हे माझंही आहे, एकट्या त्याचं नाही.

बदरला ते कपाट कुठे आहे हे माहीत होतं. हे मी शपथेवर सांगते, कारण तेव्हा घरात मी एकटी होते. एसी दुरुस्तीचा माणूस घेऊन तो वर आला होता. स्टोअरच्या दारात थांबला, कपाटाकडे बघितलं, आणि मला इंग्रजीत म्हणाला, "थँक यू. खाली मुलं आहेत, तुम्हाला कळतंच." फार सभ्य माणूस. आजही तसाच सभ्य आहे.

आता खंडेनवमीचं सांगते. सुयशचं घर साताऱ्याचं. त्यांच्याकडे नवमीला शस्त्रांची पूजा मोठी. इथे आमच्याकडे दरवर्षी पाटावर लॅपटॉप, माझा ऑफिसचा कॅल्क्युलेटर, क्षितिजाची कंपासपेटी, विळी, स्क्रूड्रायव्हर असं सगळं मांडलं जायचं. या खेपेच्या नवमीला मी पाट मांडून झेंडूची फुलं घ्यायला आत गेले आणि परत येते तो पाटावर मधोमध दुनळी.

"हे काय?"

"अगं, घरात खरं शस्त्र असताना त्याला गंध लागू नये? आज तिला तेल द्यायचंच होतं."

क्षितिजा बारावीला. ती दारातच उभी राहिली. "बाबा, इज धिस इव्हन लीगल?"

"पूजा करतोय गं, गोळी मारत नाहीये."

त्याने हळद-कुंकू वाहिलं. दस्त्यावर, दोन्ही नळ्यांच्या तोंडाशी, चापाच्या वरही बोट टेकवलं. फुलं ठेवली. चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला रागही आला आणि थोडं बरंही वाटलं. एवढ्या वर्षांत एकदा तरी त्याला घरच्यासारखं वाटत होतं. मी आरतीचं ताट दिलं. फोटोही मीच काढला. तो त्याने घरच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपवर आम्ही नऊ माणसं, सगळी साताऱ्याची.

त्या नऊ जणांतले एक माझे थोरले दीर, अरुणकुमार भाऊजी. निवृत्त झाल्यापासून त्यांचा सगळा दिवस फेसबुकवर जातो. त्यांनी फोटो उचलून तिथे चिकटवला. वर लिहिलं, 'कुवेतच्या वाळवंटातही घुमला मराठी बाणा! आमचे धाकटे बंधू सुयश यांच्या निवासस्थानी शस्त्रपूजन.' खाली कोणीतरी विचारलं, कुवेतला कुठे असतात? भाऊजींनी तत्परतेने उत्तर दिलं, 'रुमैथिया. अत्यंत श्रीमंत भाग आहे.' आम्हाला हे चार दिवसांनी कळलं, तोवर हजारो लोकांनी ते बघितलं होतं. सुयशने फोन करून काढायला लावलं. भाऊजी रुसले. कौतुक केलेलं तुम्हाला सोसत नाही, म्हणाले.

तक्रार कोणी केली ते कधीच कळलं नाही. तीन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला, सुट्टीच्या दिवशी, बेल वाजली. मी भेंडी चिरत होते. दारात दोन साध्या वेशातले अधिकारी आणि एक बाई अधिकारी. त्यांच्या हातात आमचा फोटो छापलेला होता, माझ्या हाताने काढलेला. ते आवाज न चढवता बोलत होते. फोटोवर बोट ठेवून विचारलं, ही कुठे आहे? सुयशने स्वतःच स्टोअर उघडून दिलं. लपवण्यासारखं काही नाही अशीच त्याची समजूत होती.

"ही माझी नाही," तो म्हणाला. "खालच्या अबू बदरांची आहे. ते सांगतील."

अबू बदर झोपले होते. गेलं वर्षभर त्यांचं बरंचसं आयुष्य झोपेतच जात होतं, आणि जागे असले तरी कधी आजच्या दिवसात असत, कधी महंमद अली रोडवर. वर आला तो बदर. त्याच्यामागे अशरफभाई.

बदरने दुनळीकडे पाहिलं. जवळ गेला, वाकला, दस्त्यावरून अंगठा फिरवला आणि तो अधिकाऱ्यांना दाखवला. अंगठा लाल झाला होता. तीन आठवड्यांत कुंकू पुसायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. नळीच्या सांध्यात झेंडूची एक वाळकी पाकळीही अडकलेली होती.

त्यानंतर तो अरबीत जे बोलला ते क्षितिजाने मला नंतर सांगितलं. तिला शाळेत आठवीपर्यंत अरबी होतं, तिला सगळं कळतं. तो म्हणाला होता, "हा लाल रंग हे लोक आपल्या देवांना लावतात, आपल्या वस्तूंना लावतात. माझ्या वडिलांच्या वस्तूला आमच्या घरात कोणी असलं काही लावू दिलं असतं का? ही या लोकांचीच आहे."

यावर अधिकाऱ्याने मान हलवली. मला त्याचा राग येत नाही. फोटो बघून मलाही तसंच वाटलं असतं. ज्या वस्तूसमोर माणूस हात जोडून उभा आहे ती त्याची नाही, असं कोण म्हणेल?

सुयश अशरफभाईंकडे वळला. "अशरफभाई, तुम्ही आणून ठेवलंत ना हे कपाट? सांगा ना यांना."

अशरफभाई जमिनीकडे बघत उभे राहिले. त्यांना अधिकाऱ्यांनी काही विचारलं नाही, आणि ते आपणहून काही बोलले नाहीत. मग बदर खाली गेला आणि दोन मिनिटांत आमच्या कराराची प्रत घेऊन वर आला. अकरावं कलम त्याने बोटाने दाखवलं. खाली सुयशची सही होती, प्रत्येक पानावर, कारण प्रत्येक पानावर सही करायचा आग्रह सुयशचाच होता.

ते त्याला घेऊन गेले. चिरलेल्या भेंड्या ताटात तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी बदरने मला खाली चहाला बोलावलं. बायकोलाही शेजारी बसवलं, मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. आता खोटं बोलायची त्याला गरज वाटली नाही. "चारुता," तो म्हणाला, "माझ्या वडिलांचं वय त्र्याऐंशी आहे. बंदुकीचा कागद नाही. खरं बोललो तर या वयात त्यांना चौकशीला बसवतील, विचारतील त्याचं उत्तर त्यांना धड आठवणार नाही. तुमच्या नवऱ्याला फार तर परत पाठवतील. तुम्हाला जायला देश आहे."

तो हे इतक्या मऊ आवाजात बोलला की क्षणभर मला वाटलं, बरोबर आहे. नंतर जिना चढताना मी वर्षं मोजली. अठरा वर्षं आम्ही इथे आहोत. मुलगी इथे जन्मली. आणि सोयीचं झालं की कोणीही आम्हाला आठवण करून देतं, तुम्हाला देश आहे.

मी अशरफभाईंच्या घरी मंगफला गेले. दर रमजानात ज्यांच्या घरून आम्हाला सांदणं यायची, ज्यांच्या मुलाच्या अकाउंटन्सीच्या परीक्षेसाठी मी सहा महिने शुक्रवार मोकळे ठेवले होते, ते घर. त्यांच्या बायकोने, झुलेखाने, सरबत पुढे केलं आणि ती आत निघून गेली. माझ्याकडे बघितलंही नाही.

"भाबी, मी खोटा नाय बोललो," अशरफभाई म्हणाले. "मना कोणी इचारलाच नाय."

"मग आता मी विचारते. कपाट कोणाचं?"

"तुमाला म्हाईत हाय."

"ठाण्यात येऊन एवढंच सांगा. बाकी काही नको."

"भाबी, माजा इकामा बदरच्या नावावर. इतं ऱ्हायचा परवाना त्याच्या हातात. पोराचा इकामा त्याच्याच कंपनीत. मी तोंड उघडला तर म्हैन्याभरात आमी सगली दाभोळला. मी साठीला आलो. तितं जाऊन काय करू, मासे धरू?"

"आणि आम्ही काय करायचं?"

"तुमचा पुण्यात फ्लॅट हाय ना," ते म्हणाले.

मी सरबत तसंच ठेवून उठले. गाडीत बसून रडले, आणि रडता रडता त्यांना शिव्या घातल्या. पण माझ्यावर तीच वेळ आली असती तर मी काय केलं असतं, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना. त्याचाही राग आला. चिडायचं तेही असला विचार धडपणे चिडू देत नाही.

इथल्या आपल्या मराठी मंडळाचं एका वाक्यात सांगते. मंडळातल्या ज्या सत्तावीस जणांनी भाऊजींच्या फेसबुकवर त्या फोटोला अंगठे दिले होते, त्यांतल्या एकाने मला निरोप पाठवला की वातावरण निवळेपर्यंत मंडळाच्या ग्रुपमधून बाहेर पडलात तर सगळ्यांच्याच दृष्टीने बरं.

सुयशला पाच आठवड्यांनी परत पाठवलं. बोटांचे ठसे घेतले, म्हणजे या देशात पुन्हा पाऊल नाही. जाण्याआधी मला पाच मिनिटं भेटू दिलं, मध्ये काच. त्याची दाढी पांढरी आलेली मी पहिल्यांदा बघितली.

"मी खरं तेच सांगितलं त्यांना," तो म्हणाला. "कोणी दुजोरा दिला नाही."

"माहीत आहे."

"क्षितिजाची बारावी होऊ दे इथेच. आता मधेच शाळा बदलायला नको. तोवर कोणाशी भांडू नकोस, चारू."

साताऱ्याला त्याचा सत्कार झाला. हो, सत्कार. अरुणकुमार भाऊजींनी घडवून आणला. 'शस्त्रपूजेसाठी परदेशात कारावास भोगलेले सुयश' असा फलक लावला, फेटा बांधला, शाल दिली. फोटोत सुयशचा चेहरा दात काढायच्या खुर्चीत बसल्यासारखा आहे. मी फोनवर विचारलं, तू का गेलास? तो म्हणाला, दादाला नाही कसं म्हणू? मी फोन ठेवून दिला. त्याच्याशी चार दिवस बोलले नाही.

पण मला इथे राहायचं होतं, निदान मार्चपर्यंत. माझी नोकरी माझ्या स्वतःच्या व्हिसावर होती, ती वाचली. क्षितिजाचा इकामा मात्र बापाच्या नावावर होता, तो माझ्या नावावर करून घ्यायला तीस दिवस. त्यासाठी राहत्या जागेचा करार माझ्या नावाने लागतो. मी सहा ठिकाणी घरं बघितली. एकटी बाई आणि मुलगी म्हटल्यावर दोघांनी नाही म्हटलं. बाकीच्यांनी आधीच्या घरमालकाचं पत्र मागितलं. शेवटी मी बदरलाच विचारलं. तो लगेच हो म्हणाला. भाडंही वाढवलं नाही. असं बघा, माणूस वाईट नाही म्हणते ते उगीच नाही.

गेल्या महिन्यात एका दुपारी अशरफभाई कागद घेऊन वर आले. नवा करार, माझ्या नावाचा, आणि त्याला टाचलेलं आणखी एक पान. क्षितिजा माझ्याशेजारी बसली होती.

"हे दुसरं काय आहे?" मी विचारलं.

"कायतरी जोडपत्र हाय. बदर बोलला, केस बंद व्हायला पायजे." अशरफभाई खिडकीकडे बघून बोलत होते. या खेपेला मराठीत सांगायची तयारी त्यांनी दाखवली नाही.

क्षितिजाने पान ओढून घेतलं. ती बोट ठेवून वाचत गेली, ओठ हलवत. मग थांबली.

"मम्मा, इट सेज द गन वॉज बाबाज. दॅट ही ब्रॉट इट हिअर. अँड यू न्यू. अँड द ओनर्स डिड नॉट." तिने माझ्याकडे पाहिलं. "यू आर नॉट सायनिंग धिस."

"याच्याशिवाय करार देणार नाहीत?" मी अशरफभाईंना विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही देणार.

तीस दिवसांतले बारा उरले होते. प्रॅक्टिकल परीक्षा जानेवारीत. मी मनात सगळं करून बघितलं: सही न करता निघून जाणं, पुण्यात मध्येच प्रवेश मिळवणं, या मुलीचं वर्ष जाणं. सुयश तर गेलाच आहे. त्याचं आता आणखी काय बिघडणार आहे? एक कागद, कुठल्यातरी फायलीत, त्याला वाचताही न येणाऱ्या लिपीत. असं स्वतःला समजावत मी पेन हातात घेतलं. क्षितिजा उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी दोन्ही कागदांवर सह्या केल्या. एका दमात केल्या, आणि ते मला अजून सलतंय.

"चला, इकाम्याच्या ऑफिसात आजच देऊन येऊ," मी म्हटलं. "दीडला बंद होतं."

आम्ही तिघं खाली उतरलो. दिवाणियाचं दार उघडं होतं. बदर तिथेच उभा होता. अशरफभाईंनी त्याच्या हातात सही केलेलं पान दिलं, त्याने ते वाचून घडी घातली आणि मला शुक्रन म्हणाला, म्हणजे धन्यवाद. आतल्या मोठ्या खुर्चीत अबू बदर बसले होते, अंगावर शाल. मला बघितल्यावर त्यांचे डोळे एकदम लुकलुकले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी मला ओळखलं.

"वो लडका किधर है?" त्यांनी मोठ्याने विचारलं. "आता नहीं आजकल. हमारा बंदूक को तेल लगाता है ना बराबर? बाप का बंदूक है हमारा. उसको बोलो, संभाल के."

बदरच्या हातात ते पान होतं. अशरफभाई पायातल्या चपलांशी काहीतरी करायला लागले. माझ्या हातात फोन होता, वेळ बघायला काढलेला. रेकॉर्ड करायला एक बोट पुरलं असतं. म्हाताऱ्याला पुन्हा बोलतं करायला एक प्रश्न पुरला असता.

"लगाता है, बाबा," मी म्हटलं. "एकदम बराबर."

ते समाधानाने मागे टेकले.

क्षितिजाने माझा दंड धरला. तिची नखं रुतली. "मम्मा," ती म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "ते बोलले. आत्ता बोलले ते. सगळ्यांसमोर."

"चल," मी म्हटलं. "ऑफिस बंद होईल."